खारीच्या पाठीवरची तीन बोटं

उन्हाळ्याच्या सुट्टीत बंगळुरातल्या बनशंकरी सेकंड स्टेजच्या आमच्या घरी आम्ही नऊ भावंडं जमायचो. चार इथलीच, दोन धारवाडची, तीन दादरची. आमच्या मराठीला कानडी हेल होता, धारवाडकरांचं मराठी वेगळं, दादरकरांचं त्याहून वेगळं. तिन्ही मराठ्या जेवणाच्या पंगतीत एकमेकींत मिसळायच्या आणि सुट्टी संपेपर्यंत सगळ्यांची एकच भाषा होऊन जायची.

मंगळवारी आणि शुक्रवारी राहुकाळात आज्जी कनकपुरा रोडवरच्या बनशंकरी अम्मनच्या देवळात दिवा लावायला जायची. तिथला दिवा लिंबाचा असतो. लिंबू अर्धं कापायचं, रस काढायचा, साल उलटी करायची; तयार झालेल्या वाटीत तूप आणि वात. रसाचं पानक आम्हाला मिळायचं. लिंबं पिळायची ती घरात कामाला असलेली, आमच्याच वयाची मुलगी. तिची बोटं लिंबाने भेगाळलेली असत. ते आम्ही रोज पाहत होतो, आणि तरी आमच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

आमच्या आत्या शाळेत शिकवायच्या. १९८०च्या दशकातल्या एका सुट्टीत त्यांनी आम्हा नऊ जणांना बीटीएसच्या बसमध्ये कोंबलं आणि रवींद्र कलाक्षेत्रात नेलं. नाटक होतं ‘अळिलु रामायण’. अळिलु म्हणजे खार. रामाच्या सेतूसाठी वाळू वाहणारी तीच खार, जिच्यावरून आपण ‘खारीचा वाटा’ म्हणतो. दिग्दर्शन प्रेमा कारंतांचं, संगीत ब. व. कारंतांचं, आणि रंगमंचावर सगळी मुलं. दादरकरांना कानडीचं अक्षर कळत नव्हतं, पण परतीच्या बसमध्ये सगळ्यांत मोठ्याने गाणारे तेच.

प्रेमा कारंत कोण, हे आत्यांनी त्या रात्री गच्चीवर सांगितलं. बंगळुरातल्या एका शाळेत त्या शिक्षिका होत्या, तिथून त्यांचा प्रवास सुरू झाला. लग्नानंतर पती ब. व. कारंतांबरोबर बनारस, मग दिल्ली. दिल्लीत पुन्हा शाळेत शिकवणं, मुलांसाठी नाटकं करणं, आणि मग राष्ट्रीय नाट्य विद्यालयात स्वतः विद्यार्थिनी होणं. तेव्हा तिथे इब्राहिम अल्काझींचा काळ होता. परतल्यावर ‘बेनक’ या नाट्यसंस्थेच्या नाटकांची वेशभूषा, जी. व्ही. अय्यरांच्या ‘हंसगीते’ चित्रपटाचीही. १९७९मध्ये त्यांनी ‘बेनक’चं मुलांसाठी वेगळं केंद्र उभं केलं. ब. व. कारंतांचं नाव तर तोवर देशभर झालं होतं. १९७२मध्ये याच कलाक्षेत्रामागच्या खुल्या मंचावर त्यांनी ‘जोकुमारस्वामी’, ‘संक्रांती’ आणि ‘ईडिपस’ केली आणि कानडी रंगभूमीची दिशाच बदलली. पण आत्यांचा जीव प्रेमाबाईंवर होता. मुलांना शिकवता शिकवता दिग्दर्शक झालेली बाई, हे त्यांना स्वतःच्या जवळचं वाटायचं.

दादरकर भावंडं मागे हटणारी नव्हती. त्यांनी सुलभा देशपांड्यांची गोष्ट काढली. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली लीला बेणारे अजरामर करणाऱ्या सुलभाताई दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेचं नाटक त्याच शाळेच्या सभागृहात रुजलं आणि मुलांसाठी तिची ‘चंद्रशाला’ निघाली. दादरकरांनी ‘दुर्गा झाली गौरी’ पाहिलं होतं आणि त्यातल्या उड्या ते गच्चीवर मारून दाखवत होते. दोन गावांत दोन शिक्षिका, आणि दोघींनीही मुलांच्या नाटकाला मोठ्यांच्या नाटकाइतकाच मान दिलेला. आमच्या गच्चीवर त्या रात्री त्यांची गाठ पडली.

दुसऱ्या दिवशी ‘खारीचं रामायण’ आम्ही बसवायला घेतलं. मोठ्या दादाने पात्रं वाटली. राम तो स्वतः, सीता धारवाडची अक्का, बाकी वानरं. खारीसाठी भांडणं लागली. आत्या जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांच्यामागे, ओल्या हाताने, ती मुलगी. आत्या वळल्या आणि त्यांनी तिला कानडीत विचारलं, “तुला काय व्हायचंय?”

ती आधी जिन्याकडे पाहत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “अळिलु.”

काथ्याच्या दोरीची शेपूट झाली. आज्जीच्या जुन्या करड्या लुगड्याचं अंग झालं. पाठीवरचे पट्टे दादाने विभूतीने ओढले, रामाने खारीच्या पाठीवरून फिरवलेली तीन बोटं. प्रयोगाला शेजारची पंधरा-वीस माणसं होती. वाळू तिने खरीच आणली होती, समोरच्या बांधकामावरून, परकराच्या ओच्यात. ती वाळू झटकताना तिने जी मान वर केली, ती आम्हा नऊ जणांपैकी कुणाला कधी जमली नाही. नाटक संपलं. ती खाली गेली आणि विभूती पुसायच्या आधीच भांडी घासायला बसली.

पुढे एका रविवारी दुपारी दूरदर्शनवर प्रेमा कारंतांचा ‘फणियम्मा’ लागला. एम. के. इंदिरांच्या कादंबरीवरचा १९८३चा हा चित्रपट. सर्वोत्कृष्ट कन्नड चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला होता. लहानपणी लग्न, लगेच वैधव्य, मग केशवपन. वय सरल्यावर फणियम्मा, केस काढायला ठाम नकार देणाऱ्या एका तरुण विधवेच्या पाठीशी उभी राहते. आज्जी एकटक बघत होती. तिची आत्याही अशीच, लाल आलवणातली; आयुष्य स्वयंपाकघरात गेलेली. चित्रपट संपल्यावर आज्जी एवढंच म्हणाली, “तिला कुणी विचारलंच नाही गं.”

ते वाक्य आमच्या पिढीच्या मनात घर करून राहिलं. मुलांच्या नाटकातली खार आणि मोठ्यांच्या चित्रपटातली फणियम्मा एकाच बाईच्या हातून का घडल्या, हे आम्हाला तेव्हा उमगलं. लहान जिवाला कुणी विचारत नाही, याचं दुःख त्यांनी एकीकडे दाखवलं आणि दुसरीकडे त्या लहान जिवालाच मंचाच्या मधोमध उभं केलं.

‘बालहक्क’ हा शब्द आमच्या घरात फार उशिरा आला. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९चा; भारताने तो १९९२मध्ये स्वीकारला. त्याचं बारावं कलम सांगतं की मुलाशी संबंधित प्रत्येक बाबीत त्याचं मत ऐकलं जावं, आणि एकतिसावं सांगतं की खेळ आणि कला हा त्याचा हक्क आहे. त्याच सुमारास याच कर्नाटकात काम करणाऱ्या मुलांनी स्वतःची ‘भीमसंघ’ नावाची संघटना उभी केली. घरकामाला चौदा वर्षांखालचं मूल ठेवण्यावर बंदी आली ती २००६च्या ऑक्टोबरमध्ये. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी वस्तीतल्या मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला, तेव्हा त्याची बातमी दादरकरांनी आम्हा सगळ्यांना पाठवली. कुणीच काही लिहिलं नाही. प्रत्येकाला तो जिना आठवला होता.

प्रेमा कारंत २००७मध्ये गेल्या. आता आमच्यातली दोघं शाळांत नाटक शिकवतात, एक बहीण बालकामगारांच्या प्रश्नावर काम करते. तिला कुणी विचारलं की हे कुठून सुरू झालं, तर ती कलाक्षेत्राचं नाव घेते, मग गच्चीचं, आणि मग थांबते. कारण गोष्टीचा उरलेला भाग आमच्या घरावरचं ऋण आहे. आत्यांनी त्या मुलीला विचारलं, ते नाटकापुरतं. तुला शाळेत जायचंय का, हे आम्ही नऊ जणांनी आणि घरातल्या मोठ्यांनी एकदाही विचारलं नाही. पुढच्या सुट्टीत ती नव्हती. लिंबं पिळायला दुसरी कुणी आली होती, तीही आमच्याच वयाची.

आजही सुट्टीत त्या गच्चीवर पुढची पिढी नाटक करते. पात्रं वाटण्याआधी घरात, दारात, जिन्यात असेल त्या प्रत्येक मुलाला विचारायचं, हा आता घरचा नियम आहे. आणि नाटकाचं विचारून झालं की शाळेचंही विचारायचं.