आधी पायांचं बघ

चि. छकुली,


लातूरहून तुझ्या बाबांचा फोन आला होता. फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठाचा प्रवेश पक्का झाला, व्हिसाही आला, हे ऐकून जीव भांड्यात पडला. पण सामानाच्या यादीत त्यांनी ‘बर्फाचे बूट’ लिहिलेत आणि ते आणायला हैदराबादला जायचं म्हणतायत. तो बेत तू हाणून पाड. दुकानात ‘स्नो बूट’ म्हणून काहीही मिळेल, पण ते बहुधा सहलीपुरते असतात. तुला त्यात रोज सायकल मारायची आहे.

आपल्याकडे डिसेंबरात परभणीचा पारा सहा-सातावर आला की पेपरात पहिल्या पानावर बातमी येते, नांदेडात लोक चौकात शेकोट्या पेटवतात. ओउलूला जानेवारीत उणे दहा हा नेहमीचा दिवस, उणे वीसही अधूनमधून येतो. तरी ते गाव हिवाळ्यातल्या सायकलींसाठीच ओळखलं जातं. हिवाळी सायकलिंगची पहिली जागतिक परिषद 2013 साली तिथेच भरली. तिथल्या मेत्सोकांगस शाळेच्या आवारात बर्फात ओळीनं लावलेल्या सायकलींचे फोटो जगभर फिरले. ती पोरं काही शूरवीर नाहीत. पहाटेच सायकलवाटा साफ केलेल्या असतात, म्हणून ती निघतात. लातूरच्या शिकवणी भागात सकाळी सहाला तू जशी निघायचीस, तशीच.

अमेरिकेत मिनिआपोलिसला होते तेव्हा मी हिवाळाभर सायकलनं कामावर जायचे. हात, कान, छाती यांचा बंदोबस्त पहिल्या आठवड्यात होतो. पाय मात्र दगा देतात. चालताना पाऊल वाकतं आणि रक्त खेळतं राहतं. पायडलवर ते पाटासारखं सपाट राहतं आणि वर सगळा वारा तेच खातं. हवा उणे दहा असताना ताशी वीस किलोमीटरचा वारा अंगावर घेतला, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे अठराची वाटते. म्हणून बुटाला वारा आत शिरायला फट नको. शिवणीतून, जिभेच्या कडेनं, घोट्यापाशी तो नेमका शिरतो.

आता दुकानात तुला दोन जातींचे बूट दाखवतील. एक खास सायकलींचे, तळाला लोखंडी कडी, ती पायडलमध्ये अडकते. लेक, शिमानो, मिनेसोटातली फोर्टीफाइव्ह-नॉर्थ हे लोक ते करतात. बूट उत्तम, पण महाग, आणि लांब पल्ल्याच्या किंवा शर्यतीच्या माणसाला शोभणारे. त्यांचा एक दोष पक्का लक्षात ठेव. कडीचे स्क्रू आणि त्यामागची धातूची पट्टी तळव्याखालीच असते, आणि धातूसारखी ऊब पळवणारी दुसरी वस्तू नाही. घ्यायचेच असतील, तर आतला तळवा उचलून खाली पट्टी कशी झाकली आहे ते बघ. नुसता धातू दिसला, तर परत ठेव.

माझं मत सांगू? घर ते विद्यापीठ, तीन-चार किलोमीटरसाठी तुला त्यांची काडीची गरज नाही. साधे चपटे पायडल लाव, प्लास्टिकचे असतील तर उत्तम, आणि दुसऱ्या जातीचे, म्हणजे चालायला होतील असे जाड तळाचे, घोट्याच्या वर जाणारे हिवाळी बूट घे. घसरलीस की पाय लगेच जमिनीला लागतो, हा फायदा नवशिक्याला सगळ्यात मोठा. खोक्यावरच्या ‘उणे तीस’च्या आकड्यावर मात्र जाऊ नकोस. बहुतेक कंपन्या तो आपापल्या पद्धतीनं ठरवतात.

खरी परीक्षा मापाची. लहानपणी शाळेचे बूट घेताना बाबा एक माप मोठंच मागायचे, पुढच्या वर्षीही होतील म्हणून, आणि तू गाल फुगवून बसायचीस. तिथे तेच कर. ऊब लोकरीत नसते, लोकरीत अडकलेल्या हवेत असते. गादीतला कापूस दबला की ती जशी गार पडते, तसं घट्ट बुटाचं होतं. शिवाय रक्तवाहिन्या आवळल्या की बोटांपर्यंत रक्तच पोचत नाही. दुकानात जाडे मोजे घालूनच जा, उभी राहा आणि पाचही बोटं वर-खाली कर. हलायला हवीत, पुढे टेकायला नकोत. टाच मात्र उचलली जाऊ नये. आपले पंजे चपलेत वाढलेले, पसरट असतात, तेव्हा रुंद मापाचे आहेत का हे बेधडक विचार.

मोजे लोकरीचेच. सुती मोजा घाम पितो आणि ओला झाला की पाय गारठतो. दोन मोजे घालायचे तर आतला पातळ, बाहेरचा जाड. फार कडाका असेल त्या दिवशी दोन्हींच्या मध्ये साधी प्लास्टिकची पिशवी घाल. दिसायला गावठी, पण घाम बाहेरच्या मोज्यात उतरत नाही. पायात ठेवायच्या गरम पुड्या मिळतात, त्यातली लोखंडाची भुकटी हवेनं तापते. हवाबंद बुटात त्या रुसून बसतात.

घरी आल्यावर बूट हीटरला चिकटवून ठेवू नकोस, चामडं तडकतं. आतला तळवा बाहेर काढ आणि पावसाळ्यात आपण करतो तसे पेपरचे बोळे कोंब. अस्तर निघणारं असेल तर फारच छान. कालचा दमट बूट आज कितीही भारी असला तरी गारच.

आणि एक गोष्ट गंमत म्हणून घेऊ नकोस. बोटं आधी दुखतात, मग दुखायची थांबतात. ते बरं होणं नव्हे, ते सुन्न होणं. तिथेच उतर, सायकल हाती धर आणि पाच-दहा मिनिटं चाल. रक्त परत येताना मुंग्या येतील, कळ येईल, येऊ दे. घरी आल्यावरही बोटं पांढरी, मेणचट दिसली तर चोळायचं नाही, शेगडीपुढे धरायचं नाही, कारण भाजलेलं कळणार नाही. सोसवेल इतक्या कोमट पाण्यात धर आणि डॉक्टरला दाखव.

नोव्हेंबरात बर्फ धरायला लागतं, त्याआधी ऑक्टोबरातच खरेदी कर. फिनलंडमध्ये जुन्या वस्तूंची दुकानं भरपूर, तिथे लाजू नकोस. फक्त हात आत घालून अस्तर चेपून बघ, दबून पापडासारखं झालं असेल तर फुकटही घेऊ नकोस. खिळ्यांच्या टायरांचं पुढच्या पत्रात लिहिते, तोवर सायकल घेऊ नकोस.

तुझी आत्या,
नांदेड