कुंभकोणम ते सातारा : फाईल क्रमांक पाच

मागच्या लेखानंतर बरेच दिवस लिहिणं झालं नाही. कॅम्पचा हंगाम होता आणि एनसीसीची पोरं एकदा अंगावर आली की वही उघडायलाही सवड मिळत नाही. आता रजा मंजूर झाली आहे. सोळा दिवसांची. मोटारसायकलवरून घरी जायचं आहे, कुंभकोणम ते सातारा. सध्या रात्रीचे दोन-दोन तास मी लॅपटॉपसमोर बसून रस्ता आखतोय, म्हणून आजचा विषय तोच.

सरळ रस्ता सोपा आहे. तंजावर, त्रिची, सेलम, बंगळुरू, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर. साधारण बाराशे किलोमीटर, धडधाकट माणूस तीन दिवसांत घरी. पण हा रस्ता मी एकट्यासाठी आखत नाही. माझा एक जुना जोडीदार, माझ्याच कंपनीतला, आता निवृत्त, तो येणार आहे. त्याचा डावा कान एका स्फोटात गेला. उजव्याने ऐकू येतं, पण हेल्मेट घातलं आणि वारा लागला की तेही नसल्यासारखंच. त्यामुळे 'दोनशे मीटरवर उजवीकडे वळा' असं यंत्र कितीही गोड आवाजात सांगू दे, त्याच्यासाठी ते मुकंच. त्याला पडद्यावरची रेघ बघून जायचं आहे. तेव्हा रेघ चोख पाहिजे आणि वळणं कमी पाहिजेत.

इथल्या पोरांना मी मॅप रीडिंग शिकवतो. ज्याने डोंगरात मॅप रीडिंग शिकलं त्याला कावेरीच्या या पट्ट्यात चुकल्यासारखं होतं. कंटूर नाहीतच. जिकडे बघावं तिकडे भातखाचरं, केळी आणि नारळ. मग पोरांना रिसेक्शन शिकवायचं कसं? गोपुरं! शहराबाहेर बांधावर उभं करायचं, सारंगपाणीचं अकरा मजली गोपुर एक खूण, कुंभेश्वराचं दुसरी, नागेश्वराचं तिसरी. होकायंत्रातून तिन्हींची बेअरिंग घ्यायची, बॅक बेअरिंग काढून नकाशावर रेघा ओढायच्या, जिथे त्या मिळतील तिथे आपण. पोरांना वाटतं ही युक्ती सरांची. ती लॅम्ब्टनची आहे.

विल्यम लॅम्ब्टन या फौजी अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. या सपाट प्रदेशात त्याला उंच जागा मिळेना, म्हणून त्याने देवळांचा आधार घेतला. १८०८ साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर त्याचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट दोरांनी वर चढवत असताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. त्याची वर्तुळाकार पट्टी वाकली. दुसरा कुणी असता तर विलायतेला पत्र लिहून वर्षभर वाट बघत बसला असता. या गड्याने सहा आठवडे खपून, पाचरी आणि स्क्रू लावून, ती पट्टी केसाकेसाने खेचत पुन्हा गोल केली आणि पुढे मोजत निघाला. मोजणी करता करताच २० जानेवारी १८२३ रोजी तो वारला, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. विदर्भातल्या वाचकांनी कधी तरी बघून यावी.

आता यंत्राकडे वळतो. माझ्याकडे गार्मिनचं झूमो आहे, सेकंडहँड घेतलेलं. हातमोजे घालून चालतं, पावसात भिजलं तरी चालतं. मोबाईल का नाही, असं बरेच जण विचारतात. मोबाईल उन्हात तापतो, हँडलच्या थरथरीने त्याच्या कॅमेऱ्याची वाट लागते, आणि फोन आला की नकाशा गायब. शिवाय मोबाईल त्याला आवडेल त्या रस्त्याने नेतो. मला माझ्या रस्त्याने जायचं असतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. ट्रॅक वेगळा आणि रूट वेगळा. ट्रॅक म्हणजे नुसती रेघ, कुणी तरी चालून गेलेली पायवाट म्हणा. ती बदलत नाही, पण वळणही सांगत नाही. रूट म्हणजे ओवलेले मणी. मण्यांमधला दोरा यंत्र स्वतः घालतं, तेही स्वतःच्या पोटातला नकाशा बघून. लॅपटॉपवरच्या बेसकॅम्पमध्ये एक नकाशा आणि यंत्रात दुसरा असेल, तर तुम्ही घरी आखलेला रस्ता आणि यंत्राने सकाळी दाखवलेला रस्ता यांची ओळखसुद्धा नसते. म्हणून दोन्हीकडे एकच नकाशा ठेवायचा, आणि तरीही मी रूटच्या खाली ट्रॅक वेगळ्या रंगात टाकतो. निळी रेघ तांबडीपासून फुटली की समजायचं, यंत्राच्या डोक्यात काही तरी आलंय.

मणी कुठे ठेवायचे यातच सगळं कसब आहे. चौकात ठेवायचा नाही, दोन चौकांच्या मध्ये रस्त्यावर ठेवायचा. गावाच्या नावावर बोट ठेवून पॉइंट टाकला तर तो गावाच्या मध्यभागी पडतो, आणि यंत्र तुम्हाला बाजारपेठेतून, भाजीच्या गाड्यांमधून तिथे हात लावायला नेतं आणि परत फिरवतं. चौपदरी रस्त्यावर पॉइंट पलीकडच्या पट्ट्यात पडला तर आणखी गंमत. म्हणून पूर्ण झूम करून, रस्त्याच्या आपल्या अंगाला ठेवायचा. पॉइंटचेही दोन प्रकार. व्हाया पॉइंट म्हणजे हजेरीचा, तिथे पोचलात की यंत्र बोलतं, नोंद करतं. शेपिंग पॉइंट म्हणजे मुका, त्याचं काम फक्त दोरा त्या बाजूने ओढायचा.

अक्षांश-रेखांश हाताने भरणाऱ्यांसाठी एक सूचना. कुंभकोणम १० अंश ५८ मिनिटांवर आहे. तेच दशांशात १०.५८ असं भरलं तर जागा त्रेचाळीस किलोमीटर दक्षिणेला सरकते. दशांशात ते १०.९७ होतं. आणि जुन्या टोपोशीटवरून पॉइंट काढणाऱ्या आपल्या जुन्या लोकांसाठी : ती शीट एव्हरेस्टच्या १८३० च्या मापावर आहेत, यंत्र डब्ल्यूजीएस ८४ वर. सेटिंग न बदलता भरलं तर शंभर-दोनशे मीटरचा फरक पडतो. गाडीवर चालून जातं. पेट्रोलिंगला नाही.

मी दर दिवसाची फाईल वेगळी करतो आणि नावाआधी आकडा घालतो, म्हणजे यादीत क्रम बिघडत नाही.

फाईल एक : कुंभकोणम, तिरुमळवाडी, जिंजी. कोल्लिडमच्या काठावरच्या या तिरुमळवाडीला १६७७ साली शिवाजी महाराज आणि व्यंकोजीराजे भेटले. भावाभावांचं जमलं नाही आणि व्यंकोजीराजे रात्रीतून नदी ओलांडून तंजावरला निघून गेले. त्यांच्या मागोमाग आलेल्या मराठी घरांपैकी काही अजून इथे आहेत. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव अशाच घरातले, जन्म याच कुंभकोणमचा. माझे घरमालकही तंजावर मराठी. त्यांची मराठी ऐकताना आजीच्या आजीशी बोलल्यासारखं वाटतं. परवा पितळी डवऱ्यात कॉफी फेसाळत ते माझ्या लॅपटॉपकडे बघत होते. म्हणाले, आमचे पूर्वज घोड्यावरून आले, त्यांना कुणी रेघ काढून दिली होती? मी म्हटलं, काका, त्यांना परत जायचं नव्हतं.

फाईल दोन : सकाळी जिंजीचा राजगिरी चढायचा. राजाराम महाराज १६८९ ला इथे आले आणि मोगलांच्या वेढ्यात किल्ला १६९८ पर्यंत झुंजला. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा एकटा हाच. मग आरणीवरून वेल्लोर. वेल्लोरच्या भुईकोटावर मारा करायला मराठ्यांनी शेजारच्या टेकड्यांवर जे दोन गड उभारले त्यांची नावं साजरा आणि गोजरा. लढाईच्या धामधुमीत इतकी लाडाची नावं सुचणारी माणसं मला आवडतात. फाईल तीन नुसती पळापळ : वेल्लोर, बंगळुरू, चित्रदुर्ग. बंगळुरूतून जायचं म्हणून तो दिवस मुद्दाम रविवार धरलाय. फाईल चार : होदिगेरे, जिथे शहाजीराजांची समाधी आहे, आणि संध्याकाळपर्यंत बेळगाव. आपलं सेंटर. तिथे काय करायचं ते मराठा रेजिमेंटच्या माणसाला सांगावं लागत नाही.

फाईल पाचवर मी चार रात्री घालवल्या.

बेळगावहून यंत्र सरळ निपाणी-कोल्हापूर असा महामार्ग धरतं. आम्हाला शिनोळीकडे वळायचंय, चंदगड तालुक्यातल्या एका वाडीत. आमच्यातला तिसरा तिथला. ज्या स्फोटात जोडीदाराचा कान गेला, त्यातच तो गेला. त्याची आई तिथे राहते. मी दोनदा जाऊन आलो. जोडीदार इतक्या वर्षांत एकदाही गेलेला नाही. पैसे पाठवतो, दिवाळीला साडी पाठवतो, फोन मात्र करत नाही. का, ते मी विचारलेलं नाही आणि इथे लिहिणारही नाही.

त्या वाडीचा रस्ता यंत्राच्या नकाशात नाही. डांबरी संपते तिथे नकाशा संपतो. मग तिच्या नातवाला सांगितलं, अंगणात उभा राहा आणि मोबाईलवरून लोकेशन पाठव. पोरगं हुशार, त्याने दोन पाठवली : एक अंगणाचं, एक जिथून वळायचं त्या वडाचं. दोन्ही आकडे मी यंत्रात भरले, शेवटच्या दीड किलोमीटरचा ट्रॅक उपग्रहाच्या चित्रावरून हाताने ओढला.

आणि फाईल दोन प्रकारे केली. ५-अ वाडीवरून, ५-ब महामार्गाने. म्हटलं, सकाळी बेळगावला त्याचं मन बघून ठरवू. फोनवर त्याला सांगितलं, ओरडून, उजव्या कानाला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ब काढून टाक. असली तर मी तीच उघडणार."

मी ब काढली.

थोड्या वेळाने त्याचाच फोन आला. "ते दोन प्रकारचे पॉइंट असतात म्हणालास ना? तिच्या घराला मुका ठेव. आलं ठिकाण, आलं ठिकाण, असं पडद्यावर नको यायला. दिसेल मला घर."

घराचा पॉइंट शेपिंग केला. वडाचा हजेरीचा ठेवलाय, कारण तिथे वळण चुकलं तर पुढे गाडी फिरवायला जागा नाही.

आईंना कळवलं, दुपारी बाराच्या सुमारास येऊ. त्यांनी एवढंच विचारलं, "दोघं ना?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मग कोंबडीचं बघते, तो तिखट खायचा.

त्याची बुलेट रेल्वे पार्सलने त्रिचीला येतेय, येत्या गुरुवारी. पार्सलला टाकी रिकामी करून द्यावी लागते, म्हणून स्टेशनपासून पंपापर्यंत गाडी ढकलायला लागू नये यासाठी दोन लिटरचा कॅन घेऊन मीच जाणार आहे. तिकडून कुंभकोणमपर्यंतची फाईल शून्य तो एकटा चालवून बघणार, मी मागून. रेघ त्याला वाचता येते का ते तिथेच कळेल. पडद्याची अक्षरं मोठी केली आहेत, रात्रीचा रंग बंद केलाय, आणि पाचही दिवसांचं रूट कार्ड जुन्या पद्धतीने कागदावर लिहून टाकीवरच्या पिशवीत घातलंय : टप्पा, अंतर, खूण, वेळ. पाचव्या कार्डावर खुणेच्या रकान्यात 'वड' एवढंच लिहिलंय.