पेन्सिलीच्या नोंदी

आत्याची पत्र्याची पेटी माळ्यावरून उतरवली, तेव्हा तिच्यात फार काही निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. फणसवाडीतली आमची चाळ रिकामी करायची होती, तिथे आता टॉवर उभा राहणार होता, आणि पेटी उघडून बघायचं काम माझ्याकडे आलं. वर दोन नऊवारी, त्यांच्या घडीत डांबराच्या गोळ्या, शाळेतून निवृत्त होताना मिळालेला चांदीचा करंडा. तळाशी सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा. सिनेमाच्या गाण्यांची पुस्तकं.

आता ही पुस्तकं पाहिलेली माणसंही कमी उरली. थिएटरबाहेर आणा-दोन आण्यांना मिळायची. मुखपृष्ठावर नटीचा चेहरा, आत गाणी, आणि सुरुवातीला कथेचा सारांश. तो ऐन रंगात आला की थांबायचा, पुढचं पडद्यावर पाहा म्हणून सांगायचा. आत्यानं मागच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. मला वाटलं, नटीविषयी असेल, कथेविषयी असेल. तसं एक अक्षर नव्हतं. ‘वहिनीबरोबर. येताना पाऊस.’ ‘शेजारच्या दोघी. दुपारचा खेळ. घरी सांगितलं नाही.’ ‘एकटी.’ एवढंच.

ठाकूरद्वारच्या नाक्यावर समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं, की आमच्या वाडीचं सगळं सिनेमाविश्व दोन हातांच्या अंतरात असायचं. उजव्या हाताला गिरगाव रस्त्यावर मॅजेस्टिक. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ तिथे लागला, आणि पडद्यावरची बाई पहिल्यांदा बोलली. डाव्या हाताला, चालत पंधरा मिनिटांवर, धोबी तलावाचं मेट्रो. ८ जून १९३८ रोजी उघडलेलं, अमेरिकेतल्या एमजीएम कंपनीचं स्वतःचं थिएटर. पाठीमागे वाडी आणि तिच्यातलं व्यंकटेशाचं दाक्षिणात्य धर्तीचं देऊळ. तिथली घंटा ऐकून आत्या घड्याळ लावत असे, आणि त्याच घंटेच्या आधी घरी पोचायचं, हा तिच्या सिनेमाचा नियम होता.

गठ्ठ्यातलं सर्वांत जुनं पुस्तक ‘कुंकू’चं, १९३७ सालचं. आत्या तेव्हा नऊ वर्षांची होती. अक्षर अजून पाटीवरचं, गोल आणि मोठं. ‘आईबरोबर. आई रडली नाही.’

ही नोंद मी कितीदा वाचली असेन. आजी म्हणजे आजोबांची दुसरी बायको. लग्न झालं तेव्हा तिला तेरावं लागलं होतं आणि आजोबा बिजवर होते, तिच्याहून अठरा वर्षांनी मोठे. घरात कुणी याबद्दल बोलल्याचं मला आठवत नाही. ‘कुंकू’मधली नीरा अशीच म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधली जाते आणि त्याला नवरा मानायला ठाम नकार देते. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांतारामबापूंनी काढलेला सिनेमा. केशवराव दाते काकासाहेब आणि शांता आपटे नीरा. त्या नीरेच्या रागात लाडिकपणा नाही. ती मान वर करून बोलते, आणि बोलून झाल्यावर मान खाली घालत नाही. थिएटरात आजूबाजूच्या बायका पदर डोळ्यांना लावत असतील. नऊ वर्षांच्या मुलीनं अंधारात आपल्या आईकडे पाहिलं आणि जे दिसलं ते लिहून ठेवलं.

शांता आपटे पडद्याबाहेरही तशीच होती, म्हणून ती मला फार जवळची वाटते. १९३९ साली पुण्यात प्रभातच्या फाटकाशी ती उपोषणाला बसली होती, कंपनीशी झालेल्या भांडणापायी. पुढच्याच वर्षी तिनं पुस्तक लिहिलं, ‘जाऊ मी सिनेमात?’ त्या काळात किती तरी मुली हा प्रश्न घराच्या उंबऱ्याआड मनातल्या मनात विचारत असतील. तिनं तो छापून टाकला.

दुर्गा खोटे आमच्या आजीला ‘लाडांची लेक’ म्हणूनच ठाऊक होत्या. कांदेवाडीतल्या लाडांच्या भरल्या घरात त्या वाढल्या. फणसवाडीतून कांदेवाडी म्हणजे भाजी आणायला जाता-येता ओलांडायचं अंतर. शिकलेली, इंग्रजी शाळेत गेलेली, खोट्यांच्या घरची सून. संसाराची पैशाची बाजू कोसळली आणि ती सिनेमात आली. १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये ती तारामती झाली, गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र. गाणीही स्वतःच गायली. आजी सांगायची, तो सिनेमा बघायला वाडीतल्या बायका घोळक्यानं गेल्या होत्या. बघायची होती ती तारामती नव्हे, आपल्या शेजारची मुलगी. परत येताना कुणीच काही बोलेना. मग एकीनं विचारलं, पदर कसा घेतला होता गं तिनं? आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

मला यात फार मोठं काही घडलेलं दिसतं. १९१३ साली फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नाही. साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवावं लागलं. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या खऱ्या, पण वाड्यांमधल्या घरांना त्यानंतरही जवळजवळ वीस वर्षं वाटत राहिलं, की हे आपल्यातल्या बाईचं काम नव्हे. मग तीच तारामती कांदेवाडीतून आली, माहेर-सासरच्या लोकांनी मिरवलेलं आडनाव तसंच लावून.

त्याच मुंबईत १९११ साली जन्मलेल्या एका मुलीला हे करता आलं नाही. मर्ल ओबेरॉन. १९३५ सालच्या ‘द डार्क एंजल’साठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं, ‘वुदरिंग हाइट्स’ची नायिका तीच. हॉलिवूडमध्ये ती आयुष्यभर सांगत राहिली, की माझा जन्म टास्मानियातला. मुंबई आणि आपल्या कुळातलं आशियाई रक्त, दोन्ही तिनं झाकून ठेवलं, कारण ते कळलं असतं तर तिला नायिका कुणी केलं नसतं. तिला वाढवणाऱ्या बाईला ती लोकांसमोर घरातली मोलकरीण म्हणून वावरू देत असे, असंही लिहिलं गेलं आहे. मर्ल १९७९ साली गेली, आणि खरी हकिगत त्यानंतर बाहेर आली. आत्यानं ती कुठल्याशा मासिकात वाचली, मासिक मिटलं आणि म्हणाली, “केवढं एकटं वाटलं असेल गं तिला. सिनेमा संपल्यावर बोलायला कोण?”

आत्या स्वतः मेट्रोला फार जायची. शिक्षिकेची नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून आईला लुगडं आणि स्वतःला मेट्रोचं तिकीट, असं ती सांगे. इंग्रजी सिनेमांना गाण्यांची पुस्तकं नसत, म्हणून तिकिटांची अर्धुकं एका पोस्टकार्डाला टाचून ठेवलेली आहेत. ‘गॅसलाइट’, ‘वॉटर्लू ब्रिज’. इन्ग्रिड बर्गमनला ती ‘बर्गमनबाई’ म्हणे, जशी शाळेतल्या बाईंना म्हणावं. ‘गॅसलाइट’मध्ये नवरा बायकोला पटवून देत राहतो की तुझंच डोकं ठिकाणावर नाही, घरातला दिवा आपोआप मंद होतो आणि ती एकटी खोलीत उभी राहून त्याच्याकडे बघते. हे सांगताना आत्या आमच्या खोलीतल्या साठच्या बल्बकडे बघायची आणि तिचे डोळे तसेच मोठे व्हायचे. मी ‘गॅसलाइट’ पुढे कित्येक वर्षांनी पाहिला. मला तो आधीच पाहिलेला वाटला.

पण आतल्या गारव्यापेक्षा, मऊ गालिच्यापेक्षा तिला मेट्रोतलं दुसरंच काही आवडत असावं. त्या अर्धुकांवर सर्वांत जास्त वेळा लिहिलेला शब्द ‘एकटी’ आहे. चाळीतल्या दोन खोल्यांत आठ माणसं. नळाला रांग, संडासाला रांग, गॅलरीत उभं राहिलं तरी चौघांची नजर. दीड-दोन तास कुणी हाक मारणार नाही अशी जागा तिच्यासारख्या बाईला या शहरात आणखी कुठे होती? बर्गमनबाईंच्या अंधारात ती नुसती बसून राहू शकत होती.

बाकीची पुस्तकं मी भराभर उलटली. ‘ब्रह्मचारी’, १९३८: मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्यामुळे गाजलेला सिनेमा. मागे आत्याचं रुसलेलं अक्षर, ‘पुस्तक आणून दिलं, सिनेमा दाखवला नाही.’ ‘संत सखू’, १९४१, हंसा वाडकर: ‘सगळी चाळ.’ ‘श्यामची आई’, १९५३, वनमाला: ‘शाळेच्या मुली घेऊन. साठ जणी. एक हरवली, सापडली.’ ‘मुघल-ए-आझम’, मराठा मंदिर, १९६०: जोधाबाई झालेल्या दुर्गाबाईंचा चेहरा आतल्या पानावर, मागे ‘आईला टॅक्सीनं नेलं.’

इथून पुढे पुस्तकं तुरळक होतात आणि मग संपतात.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढे काही महिन्यांत आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे लाकडी सरकत्या दारांचा टीव्ही आला. मी आठ वर्षांची होते. शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा असायचा. दाराबाहेर चपलांचा ढीग, पोरं पुढे जमिनीवर, बायका मागे भिंतीला टेकून, कडेवर कुणाचं तरी तान्हं. कुणी मध्येच उठून भाताचा गॅस बंद करून यायची. थिएटरात जाण्यासाठी जे सगळं जमवावं लागे, परवानगी, पैसे, सोबत, ते आता लागेना. नटीच वाडीत आली होती.

एका शनिवारी ‘कुंकू’ लागला. आजी सत्तरीची असेल. आत्या आणि मी तिच्या दोन बाजूंना. नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गायला लागली, तेव्हा आत्या पुटपुटत बरोबर म्हणू लागली, शाळेत शिकलेली. आजीला इंग्रजी येत नव्हतं. ती पडद्यावरच्या शांता आपटेकडे बघत होती आणि हळूच म्हणाली, “हिनं बोलून घेतलं.” बस. पुढे आजी काही म्हणाली नाही. मला तेव्हा काही कळलं नव्हतं. पेटीतली नोंद वाचेपर्यंत कळलं नव्हतं.

टीव्हीवरच्या बायकांना आम्ही वेगळ्याच तऱ्हेनं ओळखत होतो. भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील या आम्हाला आधी बातम्या सांगणाऱ्या मुली म्हणून ठाऊक. स्मिता जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्यांना बसायची असं सांगतात. आम्हाला दिसायचे ते तिचे डोळे आणि कुंकू. भक्तीचा आवाज ऐकला की आत्या हातातलं काम थांबवायची. “ळ आणि ल बघ कसे उच्चारते,” म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मुलींकडून तसे म्हणून घ्यायची. १९७५ साली ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आली. उच्चार सुधारणाऱ्या मुलीची गोष्ट भक्तीनं केली, याचा आत्याला स्वतःच्या लेकीचं कौतुक व्हावं इतका आनंद झाला. १९७७ साली स्मितानं ‘भूमिका’ केली, हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेली. गठ्ठ्यातल्या ‘संत सखू’च्या मुखपृष्ठावरची बाई आता आमच्या बातम्यांतल्या मुलीच्या चेहऱ्यानं बोलत होती. डिसेंबर १९८६ मध्ये स्मिता गेली, एकतीस वर्षांची. त्या रात्री गॅलरीत बायका उशिरापर्यंत उभ्या होत्या.

१९८५ साली प्रिया तेंडुलकर ‘रजनी’ झाली. गॅस सिलिंडरवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांना जाब विचारणारी. टॅक्सीवाल्यांनी त्या भागाविरुद्ध निषेध केला, आणि इकडे आमच्या वाडीतल्या काकू रेशनच्या दुकानात आवाज चढवून बोलायला शिकल्या. मग ‘रामायण’ आलं. रविवारी सकाळी साडेनऊला मंथरेला शिव्या घालणाऱ्या पोरांना आत्यानं एकदा गप्प केलं. ही ललिता पवार, म्हणाली. मूकपटापासून काम करते आहे, नायिका होती. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात एक थप्पड जोरात लागली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा कायमचा अधू झाला. त्याच डोळ्यावर ती पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं उभी राहिली. पोरं पुढच्या रविवारी मंथरेचा डोळाच बघत बसली.

१९८८ साली ‘वागळे की दुनिया’ सुरू झाली. तोवर आमच्याकडे स्वतःचा टीव्ही होता. भारती आचरेकरांची राधिका आत्याला पहिल्या दिवसापासून आवडली. ती पदराला हात पुसते ते खरं पुसते, म्हणायची. श्रेयनामावली सरकत होती आणि आत्या चष्मा शोधत होती. निर्मितीच्या ओळीत दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स असं आलं. आत्या उठून गॅलरीत गेली आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या तिच्याच वयाच्या बाईंना हाक मारून म्हणाली, “अहो ऐकलंत का, ही मालिका आपल्या कांदेवाडीतल्या दुर्गाबाईंची हो!” आजी असती तर लाडांच्या लेकीची म्हणाली असती.

टीव्हीवरच्या या सगळ्यांची पुस्तकं निघत नव्हती, म्हणून पेटीत त्यांची एकही नोंद नसेल असं मी धरून चालले होते. गठ्ठा परत बांधताना शेवटच्या पुस्तकातून घडी घातलेला कागद पडला. कालनिर्णयचं पान, सप्टेंबर १९९१. तारखांच्या चौकटींत नेहमीप्रमाणे दुधाचा हिशेब: एक, एक, दीड, एक. पाहुणे आले त्या दिवशी दोन. आणि २२ तारखेच्या चौकटीत, दुधाच्या आकड्याखाली, त्याच पेन्सिलीनं:

‘दुर्गाबाई गेल्या. सांगायला आई नाही.’