मायची गोळी

नंदुरबारहून तापी लाईनच्या गाडीने आमची माणसं सुरतेत उतरली, नवागामात राहिली आणि लूमच्या खडखडाटात इथलीच झाली. सोबत आला खलबत्ता. लसणाच्या चटणीवाचून आमची भाकरी गळ्याखाली उतरत नाही, हे खानदेशी वाचकांना सांगायला नको.

मायच्या हृदयात धातूची झडप बसवली, तेव्हापासून तिला वॉरफरीनची गोळी आहे. अशा झडपेवर रक्त गोठतं. गाठ सुटून मेंदूत गेली तर अर्धं अंग जातं. म्हणून दरमहा रक्त तपासून आयएनआरचा आकडा अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायचा. माय सुईला कंटाळली. लसूण रक्त पातळ करतो, असं मी कुठंसं वाचलं. निसर्गाचंच आहे, अपाय काय होणार? रोज सहा कच्च्या पाकळ्या मीच ठेचून देऊ लागलो. पुढे गोळी सोडवायची, हा माझा बेत!

दहाव्या दिवशी मायनं चूळ भरली ती लाल. दंडावर निळे डाग. आकडा मात्र ३.१, अगदी मर्यादेत. मी चक्रावलो.

"आ आंकडो लसण नथी जोतो, भाई," डॉक्टर म्हणाले. गोळी यकृतात रक्त गोठवणारे घटक तयार होऊ देत नाही. आकडा तेवढंच मोजतो. लसणातलं अजोईन प्लेटलेट नावाच्या रक्तकणिकांना एकमेकींना चिकटू देत नाही, ते त्यात दिसत नाही. आणि झडपेला नुसता लसूण पुरत नाही. गोळी सोडली असती तर... पुढचं मला ऐकवेना.

गंमत म्हणजे ही गोळीही चाऱ्याच्याच वंशातली. १९२० च्या दशकात अमेरिकेत आणि कॅनडात बुरशी लागलेलं 'स्वीट क्लोव्हर' खाऊन गुरं रक्तस्रावानं मरत. विस्कॉन्सिनला कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत त्यातलं डायकुमेरॉल हाती लागलं. त्या धर्तीवर घडवलेलं वॉरफरीन १९४८ मध्ये उंदरांसाठी विकायला आलं आणि १९५४ मध्ये माणसांचं औषध झालं.

हे ऐकून माय म्हणाली, "म्हंजे मले उंदीरनी गोयी दी ऱ्हायनात?"

कच्चा लसूण बंद झाला, फोडणीपुरता चालतो. मेथी-पालकही नेहमीच्याच मापानं, कारण त्यातलं के जीवनसत्त्व गोळीचा जोर मोडतं. खलबत्त्यात पाकळ्या आता मी मोजून टाकतो. माझी पाठ वळली की माय हळूच एक जास्तीची टाकते.