गरजेचे माप

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे उरकले, की पेढीवरची माणसे घटकाभर टेकतात. 2025 च्या भाद्रपदात, दशलक्षण पर्व दोन दिवसांवर आले असताना, अशाच एका निवांत दुपारी एका अडत पेढीवर नातवाने आजोबांपुढे कागद ठेवला. कागदावर नव्या संगणकाचे सुटे भाग आणि त्यांच्या किमती मांडल्या होत्या. बेरीज होती 92 हजार रुपये. त्याखाली एकच ओळ होती : ‘अभ्यासासाठी आवश्यक.’

घरात सगळे आजोबांना अण्णा म्हणत. अण्णांनी सवयीप्रमाणे आधी बेरीज तपासली. ती बरोबर निघाली. मग त्यांची पेन्सिल खालच्या ओळीवर थांबली. “ठेव इथं,” एवढेच म्हणून त्यांनी कागद गादीखाली सरकवला.

जुना संगणक 2017 साली घेतला होता. त्या वेळी नातू पाचवीत होता. इंटेलचा सातव्या पिढीचा आय-5 प्रोसेसर, 8 जीबी रॅम, 1 टीबीची हार्ड डिस्क आणि 6 जीबीचे जीटीएक्स 1060 हे ग्राफिक्स कार्ड असा त्याचा संच होता. किंमत पडली होती सुमारे 60 हजार. पेढीच्या माडीवर तो ठेवलेला असे. सकाळी मुनीमजी त्यावर जीएसटीची विवरणे भरत आणि रात्री नातू मोटारींच्या शर्यतीचे खेळ खेळे. आता तो सुरू व्हायलाच पाच-सहा मिनिटे घेई, पंखा घोंघावे आणि ऐन वळणावर पडद्यावरची मोटार क्षणभर गोठून जाई. तेवढ्यात मित्रांच्या मोटारी पुढे निघून गेलेल्या असत.

अण्णांचा कौल ठरलेला होता. चालते तोवर चालवावे. संगणकावर वर्षाला 40 टक्के घसारा धरतात, हे त्यांना ठाऊक होते. आठ वर्षांनी 60 हजारांचे यंत्र वहीत जेमतेम 1 हजाराचे उरते, हा हिशेब त्यांनी तोंडीच केला. “वहीत संपलंय म्हणून कामातनं संपत नाही,” असे ते सांगत. बोलणे खोटे नव्हते. पण त्याच माडीवर कडी तुटलेला एक लोखंडी काटा पंचवीस वर्षे पडून होता आणि अण्णा तो भंगारात देऊ देत नव्हते, हेही खरे होते.

पर्वाचे दहा दिवस नातवाने खेळ बंद ठेवण्याचा नियम घेतला. तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा. संध्याकाळी बस्तीत प्रवचन झाले. मनात जे आहे तेच वाणीत यावे आणि तेच आचरणात उतरावे, हा सरळपणा म्हणजे आर्जव, इतका साधा त्याचा आशय होता. घरी परतताना नातू अण्णांच्या काठीच्या चालीने चालत होता. घर जवळ आल्यावर तो म्हणाला, “अण्णा, अभ्यासाला आहे तो संगणक पुरतो. मला नवा खेळ खेळायचाय. सगळे मित्र खेळतात, आपल्याकडं तो चालत नाही.”

अण्णा थांबले. “मग तसंच लिहायचं होतंस. खेळायला मी कधी नको म्हटलं? पण माल एक आणि पावती दुसऱ्याच मालाची, असं आपल्या पेढीवर होत नाही.”

त्या रात्री गादीखालचा कागद परत आला. नातवाने खालची ओळ खोडली आणि तिथे ‘खेळासाठी’ असे लिहिले. गंमत अशी, की तो एक शब्द बदलताच 92 हजारांचा आकडा त्याचा त्यालाच मोठा वाटू लागला.

क्षमावाणी झाल्यावर पहिल्या रविवारी माडीवर संगणकाची पेटी उघडली गेली. आत बोटभर थराने हळदीची पिवळी धूळ बसली होती. पंख्याची पाती, जाळी, तारांचे कोपरे, सारे पिवळे. “आधी जीव बघ,” आईने जिन्यातून बजावले. एका कोपऱ्यात कोळी होता. त्याला कागदावर घेऊन हलकेच गॅलरीत सोडले आणि मग मऊ कुंचल्याने धूळ काढली. प्रोसेसर आणि त्यावरचा पंखा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा लेप असतो. तो आठ वर्षांत सुकून खडूसारखा झाला होता. तो पुसून नवा लावला. आधी खेळ सुरू झाला की प्रोसेसर 90 अंशांच्या पुढे जाई आणि तापू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करी. आता तो 70 च्या आसपास राहू लागला. खर्च झाला होता काही शे रुपये.

अडखळणे मात्र पुरते थांबले नाही. तेव्हा नातवाने जे आधीच करायला हवे होते ते केले : मोजमाप. खेळ चालू असताना कोणता भाग किती राबतो, हे संगणक स्वतःच दाखवतो. रॅम जवळजवळ पूर्ण भरलेली होती, हार्ड डिस्क शंभर टक्के गुंतलेली होती आणि ज्याला तो दोष देत होता ते ग्राफिक्स कार्ड मात्र 60 टक्क्यांवर रेंगाळत होते. अण्णांनी हे आकडे पाहिले आणि त्यांना ते लगेच कळले. “हमाल रिकामा उभा आहे आणि गाडीच आली नाही. मग हमाल बदलून काय होणार?”

आता तीन वाटा समोर आल्या. पहिली लहान : आणखी 8 जीबी रॅम आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, मिळून पाच-साडेपाच हजार. दुसरी मधली : फक्त प्रोसेसर बदलायचा. ऐकायला ती सोपी वाटते, पण तिच्यातच खरी फसगत असते. आठव्या पिढीचा प्रोसेसर त्याच मापाच्या खाचेत बसतो, तरी सातव्या पिढीच्या मदरबोर्डावर तो चालत नाही. म्हणून मदरबोर्ड बदलावा लागतो. नवा बोर्ड वेगळ्या प्रकारची रॅम मागू शकतो, मोठे कार्ड जास्त ताकदीचा एसएमपीएस मागते आणि थोडे-थोडे करता खर्च नव्याच्या जवळ पोहोचतो, हाती मात्र अर्धे जुनेच राहते. तिसरी वाट सबंध नव्या संगणकाची.

अण्णा पहिल्या वाटेवर खूश होते. तेवढ्यात नातवाचे वडील, घरातले दादा, वर आले आणि त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. विंडोज 10 ला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-सुधारणा 14 ऑक्टोबर 2025 ला थांबणार होत्या आणि सातव्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज 11 च्या मान्य यादीत नव्हता. खेळाचे ठीक, पण याच यंत्रावर पेढीची विवरणे भरली जातात, बँकेचे व्यवहार होतात. “यंत्र चालतंय, अण्णा. पण दाराचं कुलूप निकामी होणार आहे.”

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूंच्या संख्येवरून नव्हे, तर मूर्च्छेवरून, म्हणजे ममत्वावरून करून दिली आहे, हे ते नातवाला अनेकदा सांगत आले होते. नव्याचा हव्यास ही मूर्च्छा, हे त्यांना नेहमी दिसे. जुने सोडवत नाही हीही तीच मूर्च्छा, हे त्या दिवशी त्यांच्या बोलण्यात प्रथम आले. “म्हणजे काटकसर वेगळी आणि धरून बसणं वेगळं,” ते म्हणाले. त्यांची नजर कोपऱ्यातल्या तुटक्या काट्याकडे गेली होती.

निर्णय व्यापाऱ्याच्या रीतीने झाला. रॅम आणि एसएसडी आत्ता घ्यायची. एसएसडी पुढच्या संगणकातही बसवता येते, म्हणून तो पैसा वाया जाणार नाही. ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळणाऱ्या वाढीव सुरक्षा-सुधारणांसाठी नोंदणी करून एक वर्ष काढायचे. त्यानंतर एकच नवा संगणक घ्यायचा, पण खर्चाची दोन खाती ठेवायची : कामाला लागते तेवढे पेढी देईल, खेळासाठी लागणारे ग्राफिक्स कार्ड नातू आपल्या साठवणीतून घेईल, किंवा जुनेच वापरील.

शेवटचा प्रश्न अण्णांचा होता : जुना कुठे जाईल? रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे गेला, तर तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, विषारी धूर हवेत जातो, शिसे जमिनीत आणि पाण्यात उतरते. पृथ्वीकायापासून वायुकायापर्यंतच्या जीवांची विराधना टाळा असे रोज म्हणणाऱ्या घराने ती दाराबाहेर ढकलून मोकळे होऊ नये. एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रे असतात. चालते भाग कुणा विद्यार्थ्याला आणि उरलेले तिथे, असे ठरले.

अण्णांच्या कपाटात परिग्रह-परिमाणाची जुनी वही आहे. धोतरे, भांडी, वाहने, दागिने यांची मर्यादा तिच्यात लिहिलेली आहे. संगणकाचे नाव नाही, कारण ती लिहिली तेव्हा तो घरात यायचाच होता. दिवाळीला पेढीवर वहीपूजन झाल्यावर नातवाने ती मागून घेतली आणि शेवटच्या पानावर आपल्या हाताने लिहिले : ‘संगणक, एक. नवा आला की जुना घरात ठेवणार नाही.’

अण्णांनी वाचले, पेन्सिल घेतली आणि खाली स्वतःची भर घातली : ‘माडीवरचा काटा, शून्य.’