ठाण्यात

जुन्या बातम्यांतून रेगेक्सनं, म्हणजे अक्षरांचे पॅटर्न लिहून, गावांची नावं काढायचं माझं काम आता हाताखालच्या मुलीकडे गेलं आहे. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "सर, हे 'ठाण्यात' तुम्ही कसं सोडवलंत?" सोडवलं नव्हतं.

पुण्या, साताऱ्या ही सामान्यरूपं आणि पुढचे प्रत्यय पॅटर्नात बसवणं कष्टाचं, पण सरळ. पायथॉनचं मूळ मॉड्यूल काना-मात्रेला अक्षर मानत नाही, त्यामुळे शब्दसीमा 'पुणे'च्या मधोमध पडते. तेही सरावाचं झालं.

'ठाण्यात' मात्र शहरातही आणि पोलीस ठाण्यातही. मागे 'पोलीस' असेल तर वगळा, असं लुकबिहाइंड लावलं. मग 'पोलिस' निघाला. रुंदी तेवढीच, निभावलं. मग कुठे दोन स्पेस, कुठे तुटलेली ओळ. मूळ मॉड्यूलला मागे बघायची रुंदी ठरलेली लागते, म्हणून मॉड्यूल बदललं. मग 'ठाणे अंमलदार' आले. आणि शेवटी हे वाक्य: 'आरोपीला ठाण्यात आणले.' गुन्हा, अटक सगळं नाशिकचं असेल तर पोलीस ठाणं; ठाण्याच्या पोलिसांनी नाशिकहून पकडून आणला असेल तर शहर. उत्तर बातमीत दोन परिच्छेद वर. केन थॉम्पसननं 1968 साली रेगेक्सचं तंत्र मजकूर शोधायला जुंपलं, तेव्हापासून ते एवढंच सांगतं: अक्षरं जुळली की नाही.

तरी मी पॅटर्न वाढवत राहिलो. ओळी तोडून, टिपणं घालून तो लिहिता येतो; मी मुद्दाम एकाच ओळीत ठेवला. नवा माणूस त्या ओळीसमोर गप्प झाला की बरं वाटायचं.

आता जो तो बातमी उचलून भाषा-मॉडेलपुढे टाकतो. असलं वाक्य त्याला पुष्कळदा माझ्या पॅटर्नपेक्षा बरं उमगतं, हे कबूल करताना जीभ जड होते. पण ते चुकतं तेव्हाही तितक्याच ठामपणे बोलतं. पॅटर्न कुठे चुकला ते बोट ठेवून दाखवता येतं, आणि उद्याही तो तिथेच चुकतो. ढीगभर बातम्या चाळताना मला हाच भरवसा लागतो.

मुलीनं माझी ओळ मोडली. जवळ 'पोलीस' किंवा 'अंमलदार' दिसलं तर पोलीस ठाणं, 'जिल्हा' किंवा 'महापालिका' दिसलं तर शहर, बाकीचं वेगळ्या फाइलीत, माणसानं वाचायला. फाइल लहानच असते, चहाच्या वेळेत वाचून होते. हे मला सुचलं नव्हतं असं नाही. माणसानं वाचायला काही उरावं, हेच सोसत नव्हतं.