ओल आणि गळती

वडिलांच्या मागे राहिलेल्या गाडीत गेल्या पावसाळ्यात चालकाशेजारच्या पायाशी पाणी साचू लागले. कुबट वास सुटला, तशी घरात ती विकण्याची भाषा सुरू झाली. आम्ही दाराचे रबर बदलले, ओल कायम. एसी बंद असतानाही ती येई, म्हणजे त्याची निचरा-नळीही निर्दोष. ओल दिसते तेथेच गळती असते, हा समज वर्गात कवितेच्या संदर्भात खोडणारे आम्ही येथे स्वतःच त्यात सापडलो होतो.

मग गालिचा उचलला, खालचा भिजलेला फोम काढला, तळ पुसून वर्तमानपत्रे अंथरली. पत्नी विजेरी घेऊन आत बसली. आम्ही बाहेरून नळीने पाणी सोडीत खालून वर सरकलो. दार कोरडे. पाणी वायपरखालच्या पन्हळीत पोचताच आतून हाक आली. अंगणातल्या गुलमोहराची बारीक पाने कुजून तेथले भोक बुजले होते. तुंबलेले पाणी हवेच्या वाटेने आत उतरत होते.

पाने काढायला दहा मिनिटे लागली, फोम वाळायला चार दिवस. वडील दर रविवारी बोनेट उघडून काय वेचीत असत, हे आम्ही त्यांना कधी विचारले नव्हते.